थायलॅकॉइडच्या चळती कशासाठी असतात?

प्रश्न असा आहे: “मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रॅनम म्हणजे थायलॅकॉइडच्या चकत्यांची नाण्यांसारखी चळत, हे बारावीपासून पाठ आहे. पण चळत का? सगळी यंत्रणा एकाच सपाट पटलावर मांडली असती तर काय बिघडलं असतं? आणि ग्रॅना जोडणाऱ्या स्ट्रोमा लॅमेला नुसत्या जोडपट्ट्याच आहेत का?”

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यातून पहिले दोन सुटतात. स्ट्रोमा लॅमेला जोडपट्ट्या अजिबात नाहीत. ग्रॅनामध्ये जी कामं होऊच शकत नाहीत ती तिथे होतात. थायलॅकॉइड म्हणजे हरितलवकातलं प्रकाश टिपणारं पटल, आणि स्ट्रोमा म्हणजे त्याच्याभोवतीचा द्रव. ग्रॅना (ग्रॅनमचं अनेकवचन) आणि लॅमेला हे या एकाच पटलाचे दोन मोहल्ले आहेत, आणि कोणत्या मोहल्ल्यात कोणतं प्रथिन राहतं यावर सगळं अवलंबून आहे. पालकाच्या पानांतून थायलॅकॉइड वेगळे काढण्यात आणि त्यांवर मोजमापं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते, नाण्यांचं चित्र डोक्यातून गेल्याशिवाय हा विषय उलगडत नाही.

त्या चित्रात चूक अशी की नाणी सुटी असतात. एक उचललं तर बाकीची जागच्या जागी राहतात. थायलॅकॉइडच्या चकत्या तशा सुट्या नाहीत. साधारणपणे एका हरितलवकातलं सगळं थायलॅकॉइड हे एकच अखंड, जागोजागी दुमडलेलं पटल असतं आणि त्याच्या आतली पोकळी, म्हणजे ल्युमेन, तीही एकच सलग असते. चळतीभोवती स्ट्रोमा लॅमेला मळसूत्रासारख्या वळत वर चढतात आणि प्रत्येक वळणावर चळतीतल्या चकत्यांना अरुंद सांध्यांनी जोडलेल्या असतात. किल्ल्याच्या बुरुजाभोवती गोल फिरत वर जाणारा जिना आणि प्रत्येक फेऱ्याला बुरुजात शिरायचं दार, असं डोळ्यांपुढे आणा. पुस्तकातली आकृती म्हणजे या रचनेचा उभा छेद. छेद घेतला की जिना कापला जातो आणि उरतात नाणी व त्यांच्यामधल्या दांड्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घेऊन त्रिमितीय आकार जुळवण्याचं तंत्र हाती आल्यावर हे मळसूत्र स्पष्ट दिसलं, पण सलग छेद एकावर एक जुळवून 1970 च्या सुमारासच त्याचा अंदाज आला होता.

मापं लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडतील. हरितलवक 5 ते 10 मायक्रोमीटर लांब. ग्रॅनमचा व्यास 300 ते 600 नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेच्या अगदी कडेला. म्हणूनच 1883 मध्ये आर्थर मायर यांना हरितलवकात ते दाण्यांसारखे ठिपके दिसले आणि ‘ग्रॅना’ म्हणजे दाणे हे नाव पडलं. ‘थायलॅकॉइड’ हे नाव मात्र 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचं, विल्हेल्म मेंके यांनी दिलेलं. ग्रीकमध्ये थायलॅकॉस म्हणजे पिशवी. पटलाची जाडी 4-5 नॅनोमीटर, आतल्या पोकळीची उंचीही साधारण 5 ते 10 नॅनोमीटर, आणि चळतीतल्या दोन शेजारी चकत्यांमधली बाहेरची फट अवघी साडेतीन नॅनोमीटर. ही साडेतीन नॅनोमीटरची फट विसरू नका. पुढची बरीच गोष्ट तिच्याभोवती फिरते.

पटल कशाचं बनलंय ते थोडक्यात. पेशीतल्या इतर पटलांत फॉस्फोलिपिडं मुख्य असतात. थायलॅकॉइडमध्ये सुमारे तीन चतुर्थांश लिपिडं गॅलॅक्टोलिपिडं आहेत, म्हणजे डोक्याच्या जागी फॉस्फेटऐवजी गॅलॅक्टोज ही साखर. जमिनीत फॉस्फरसची नेहमीच चणचण असते, आणि एवढं अवाढव्य पटल फॉस्फेटवर उभं करणं झाडाला परवडलं नसतं. पण या पटलात लिपिडांना मोकळी जागा थोडीच. ग्रॅनामध्ये पटलाच्या पृष्ठभागाचा 70 ते 80 टक्के भाग प्रथिनांनी व्यापलेला असतो. सकाळच्या लोकलमध्ये माणसं जशी एकमेकांना घासून उभी असतात तशी ही प्रथिनं उभी असतात, आणि अशा गर्दीत कोण कुठे उभा आहे याला फार महत्त्व येतं.

तर कोण कुठे आहे? चार मोठी प्रथिनसंकुलं तुम्हाला पाठ असतीलच: फोटोसिस्टिम 2, सायटोक्रोम बी6एफ, फोटोसिस्टिम 1 आणि एटीपी सिंथेज. पहिली तीन प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन पुढे सरकवतात, चौथं एटीपी हा पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू बनवतं. बहुतेक आकृत्यांत ती एका ओळीत, डावीकडून उजवीकडे, शेजारी शेजारी काढलेली असतात. शिकवायला ते सोपं पडतं, पण त्यामुळे पिढ्यान्‌ पिढ्या विद्यार्थ्यांचा समज झाला की पटलात ती खरोखरच तशी ओळीने बसलेली आहेत. 1964 मध्ये बोर्डमन आणि जॅन अँडरसन यांनी डिजिटोनिन या सौम्य अपमार्जकाने पालकाचं थायलॅकॉइड फोडलं, तेव्हा जड आणि हलके असे दोन प्रकारचे तुकडे वेगळे झाले. जड तुकड्यांत फोटोसिस्टिम 2 भरपूर, हलक्यांत फोटोसिस्टिम 1. मग 1980 मध्ये बर्टिल अँडरसन आणि याच जॅन अँडरसन (आडनावं सारखी वाटली तरी नातं नाही, एक स्वीडनचे आणि एक ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या) यांनी अपमार्जक न वापरता, पटल नुसत्या दाबाने फोडून आणि तुकडे दोन न मिसळणाऱ्या द्रावणांत वाटून हे पक्कं केलं. फोटोसिस्टिम 2 आणि तिचा मोठा प्रकाशग्राही संच, म्हणजे एलएचसी 2, चळतीच्या आत, एकमेकांना चिकटलेल्या पटलांत. फोटोसिस्टिम 1 आणि एटीपी सिंथेज बाहेर, स्ट्रोमा लॅमेलांवर आणि चळतीच्या कडांवर व टोकाच्या चकत्यांवर. सायटोक्रोम बी6एफ दोन्हीकडे. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत सुंदर काम आहे, आणि पदवीच्या अभ्यासक्रमात त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात याचं मला वाईट वाटतं.

आता ती साडेतीन नॅनोमीटरची फट आठवा. एटीपी सिंथेजचं डोकं पटलातून स्ट्रोमाच्या बाजूला 10 नॅनोमीटरहून जास्त बाहेर येतं. फोटोसिस्टिम 1 लाही त्याच बाजूला उंचवटा आहे, शिवाय तिच्याकडून इलेक्ट्रॉन घेणाऱ्या फेरेडॉक्सिन या प्रथिनाला तिथे येऊन बसायला जागा लागते. ही दोघं चळतीच्या आत मावतच नाहीत. फोटोसिस्टिम 2 आणि एलएचसी 2 मात्र स्ट्रोमाच्या बाजूने सपाट आहेत, त्यांचा फुगीर भाग आतल्या पोकळीकडे असतो, म्हणून दोन चकत्या एकमेकींना लागून बसू शकतात. म्हणजे वाटणीची अर्धी गोष्ट निव्वळ आकाराची आहे.

पण जागा मिळते म्हणून चळत झाली, एवढ्याने तुमच्या ‘का’चं उत्तर होत नाही. त्यासाठी दोन फोटोसिस्टिममधला फरक बघावा लागेल.

फोटोसिस्टिम 2 चं काम अवघड आहे. पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून काढायचे. त्यासाठी तिच्या पी680 या केंद्राला सजीवसृष्टीतलं सर्वांत प्रबळ ऑक्सिडीकारक व्हावं लागतं, आणि मँगेनीजचे चार व कॅल्शियमचा एक अणू असलेल्या गुच्छात एकेक करून चार भार साठवावे लागतात, तेव्हा कुठे दोन पाण्यांतून एक ऑक्सिजन सुटतो. फोटोसिस्टिम 1 त्या मानाने चपळ. तिच्या पी700 केंद्राला कमी ऊर्जेचा, जरा जास्त लांबीच्या तरंगाचा प्रकाशही चालतो, आणि तिच्याकडे आलेली ऊर्जा जवळपास शंभर टक्के कामी लागते. आता या दोघी एकाच पटलात खांद्याला खांदा लावून बसल्या तर काय होईल? हरितद्रव्याच्या रेणूंतून ऊर्जा उतारानेच वाहते. फोटोसिस्टिम 1 हा खोल आणि वेगवान खड्डा आहे, त्यामुळे फोटोसिस्टिम 2 ची ऊर्जा तिच्याकडे गळत राहील आणि पाण्याचं विघटन मंदावेल. दोघी मालिकेत काम करतात, पहिलीने इलेक्ट्रॉन दिला नाही तर दुसरीची सगळी चपळाई वाया. चळतीमुळे दोघींमध्ये अंतर पडतं. सपाट पटलावर सगळं मांडलं असतं तर पहिलं नुकसान हे झालं असतं.

हा नुसता तर्क नाही, प्रयोगशाळेत ते डोळ्यांनी बघता येतं. चळती टिकतात त्या मॅग्नेशियममुळे. एलएचसी 2 च्या स्ट्रोमाकडच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्यामुळे शेजारच्या चकत्या एकमेकींना दूर लोटतात. मॅग्नेशियमचे दुहेरी धनभार तो ऋणभार झाकतात आणि मग पटलं जवळ येऊन चिकटतात. थायलॅकॉइड मॅग्नेशियम नसलेल्या पातळ बफरमध्ये धुतले की चळती सुटतात, प्रथिनं सगळीकडे मिसळतात आणि हरितद्रव्याची लाल प्रतिदीप्ती (टिपलेल्या ऊर्जेतला परत प्रकाश म्हणून बाहेर पडणारा अंश) उतरते, कारण ती प्रतिदीप्ती बहुतांश फोटोसिस्टिम 2 ची असते आणि तिची ऊर्जा आता पळवली जात असते. मग 5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घाला. काही मिनिटांत चळती पुन्हा उभ्या राहतात आणि प्रतिदीप्ती चढते. मुराता यांनी 1969 मध्ये मॅग्नेशियमचा हा परिणाम दाखवला. आलेखावर ती रेघ वर चढताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिच्याकडे बघतच बसले होते. हजारो चळती आपल्या चंचुपात्रात पुन्हा रचल्या जात आहेत, आणि आपण ते एका सुईवर वाचतो आहोत!

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण तुमच्या महाविद्यालयात हा प्रयोग करायचा झाला तर इथेच घोटाळा होतो. पालक सकाळचा, ताजा घ्या आणि वापरायच्या आधी काही तास अंधारात, थंडीत ठेवा. दिवसभर उन्हात असलेल्या पानांच्या हरितलवकांत स्टार्चचे दाणे भरलेले असतात, सेंट्रिफ्यूजमध्ये ते छर्ऱ्यांसारखे पटल फाडून बाहेर पडतात. मिक्सर दोन-तीन सेकंदांपुरताच फिरवायचा, द्रावणात सॉर्बिटॉल किंवा साखर हवी, गाळायला मलमलचं चौपदरी कापड, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बर्फात. बर्फाचा कंटाळा केला की दुपारपर्यंत हातात नुसतं हिरवं पाणी उरतं.

चळतीचं दुसरं कारण सावली. दाट जंगलाच्या तळाशी येणारा प्रकाश तुटपुंजा असतो, तो टिपायला प्रकाशग्राही प्रथिनं जास्त लागतात, आणि कमीत कमी जागेत ती भरायची तर थरावर थर हाच उपाय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनातलं एक अळूवर्गीय झाड आहे, अलोकेशिया, आपल्या अळूचं जवळचं भावंडच. त्याच्या हरितलवकात एकेका चळतीत शंभरावर थर मोजले गेले आहेत. उन्हातल्या पिकांत हेच थर साधारण 10 ते 20 च्या आसपास असतात. तुमच्या अंगणातल्या एकाच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांतही हा फरक सापडतो.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्यातच स्ट्रोमा लॅमेलांचं खरं काम दिसतं. फोटोसिस्टिम 2 सतत मोडत असते. पाणी फोडणारं इतकं प्रबळ यंत्र स्वतःलाही भाजून घेतं. तिच्या गाभ्यातलं डी1 हे प्रथिन प्रखर उन्हात अर्ध्या-एक तासात निकामी होतं आणि बदलावं लागतं. बदलायचं कुठे? जुनं डी1 कापून काढणारं एफटीएसएच हे प्रथिनभंजक चांगलं मोठं आहे, आणि नवं डी1 तयार करणारा रायबोसोम तर 20 नॅनोमीटरहून मोठा. साडेतीन नॅनोमीटरच्या फटीत यांचा शिरकाव कसा व्हावा? म्हणून बिघडलेली फोटोसिस्टिम 2 आपल्या प्रकाशग्राही संचापासून सुटते, चळतीतून सरकत स्ट्रोमा लॅमेलावर येते, तिथे जुनं डी1 निघतं, नवं बसतं, आणि दुरुस्त होऊन ती परत चळतीत जाते. आणि याला दुसरी बाजूही आहे: फट अरुंद असल्यामुळे चळतीत चांगल्या चाललेल्या फोटोसिस्टिम 2 वर भंजकांचा सहजासहजी हात पडत नाही. प्रखर उन्हात चळतींच्या कडा थोड्या मोकळ्या होतात आणि ही ये-जा वाढते. म्हणजे चळतही अचल नाही. ती ढिली होते, आवळते. कडांना बाक देणारी कर्ट1 नावाची प्रथिनंही आता माहीत आहेत, ती नसलेल्या झाडांत चळती रुंद आणि बसक्या होतात.

आता तुम्ही विचाराल, दोन फोटोसिस्टिम इतक्या दूर ठेवल्या तर इलेक्ट्रॉन पोचतो कसा? दोन छोटे हेलपाटे घालणारे आहेत. प्लास्टोक्विनोन पटलाच्या आतल्या तेलकट थरातून इलेक्ट्रॉन सायटोक्रोम बी6एफकडे नेतं. पण प्रथिनांच्या गर्दीत त्याला लांबचा पल्ला जमत नाही, म्हणून बी6एफ दोन्ही मोहल्ल्यांत असणं सोयीचं. तिथून पुढचा लांबचा प्रवास प्लास्टोसायनिन हे तांबं असलेलं छोटं प्रथिन करतं, आणि ते पोकळीतून जातं. पोकळी सलग आहे म्हणूनच हे शक्य आहे. चकत्या खरोखर सुट्या नाण्यांसारख्या असत्या, तर चळतीच्या पोटातला इलेक्ट्रॉन फोटोसिस्टिम 1 पर्यंत कधी पोचलाच नसता.

पोकळीचं आणखी एक काम म्हणजे प्रोटॉन. हे तुम्हाला ठाऊक आहे: पाणी फुटताना आणि प्लास्टोक्विनोनच्या फेऱ्यात प्रोटॉन आत जमतात, आतला पीएच उजेडात 6 च्या आसपास येतो, स्ट्रोमाचा 8 च्या जवळ जातो, आणि एटीपी सिंथेजमधून प्रोटॉन बाहेर पडताना ते चाक फिरवतात. 1966 मध्ये जेगेनडॉर्फ आणि उरिबे यांनी थायलॅकॉइड आधी पीएच 4 च्या आम्लात भिजवले, मग काळोखातच एकदम पीएच 8 च्या द्रावणात टाकले, सोबत एडीपी आणि फॉस्फेट, म्हणजे एटीपीचा कच्चा माल. उजेडाचा किरणही नसताना एटीपी तयार झालं. पीटर मिचेल 1961 पासून जे सांगत होते त्याला मिळालेला हा सर्वांत भक्कम आधार, आणि मिचेल यांना 1978 चं नोबेल मिळालं.

वर्गात इथे सगळेच कोयनेच्या धरणाचा दाखला देतात, मीही देते. पण तो एका जागी फसवतो. धरणात पाण्याचा साठा असतो. थायलॅकॉइडमध्ये साठा जवळपास नाहीच. स्वतः गणित करून बघा. 500 नॅनोमीटर व्यासाची आणि 5 नॅनोमीटर उंचीची पोकळी घ्या. घनफळ येतं साधारण 10 लाख घन नॅनोमीटर. पीएच 6 ला एका लिटरात मोकळे प्रोटॉन सुमारे 6 वर 17 शून्यं इतके. त्या प्रमाणात आपल्या चकतीच्या वाट्याला किती? सरासरी 0.6. एकही पूर्ण नाही! मग सिंथेज चालतं कशावर? आत शिरलेले बहुतेक प्रोटॉन मोकळे राहतच नाहीत, पोकळीतल्या प्रथिनांच्या आम्ल गटांना ते बांधलेले असतात आणि गरजेप्रमाणे सुटतात. शिवाय पोकळी सलग असल्यामुळे एका चकतीत आलेला प्रोटॉन शेजारच्या लॅमेलावरच्या सिंथेजच्या कामी येतो. लक्षात घ्या, प्रोटॉन आत येतात बरेचसे चळतीत आणि बाहेर पडतात चळतीबाहेर, कारण सिंथेज तिथेच आहे. इथेही अखंडपणा नसता तर काहीच चाललं नसतं.

प्रोटॉनचा दाब इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या यंत्रणेला आवरतोही. हिल अभिक्रियेच्या प्रात्यक्षिकात डीसीपीआयपी हा इलेक्ट्रॉन घेतला की रंगहीन होणारा निळा रंग थायलॅकॉइडबरोबर उजेडात ठेवला की तो हळूहळू विरतो, हे तुम्ही केलं असेल. त्यातच थोडं अमोनियम क्लोराइड घालून बघा. रंग आणखी भराभर जातो. विद्यार्थ्यांना वाटतं, विष घातलं तर काम थांबायला हवं. पण अमोनिया आतले प्रोटॉन गिळतो, दाब उतरतो आणि इलेक्ट्रॉन मोकाट धावतात. एटीपी मात्र बनत नाही. जिवंत पानात हाच आम्लपणा कडक उन्हात सुरक्षेचं काम करतो: आतला पीएच उतरला की पीएसबीएस हे प्रथिन आणि व्हायोलॅझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचं झियाझँथिन करणारं विकर जागं होतं आणि जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडली जाते.

पटलातली ही जागावाटणी शेतातही दिसते. मका आणि उसात तणासाठी फवारलं जाणारं अ‍ॅट्राझिन नेमकं डी1 प्रथिनावर, प्लास्टोक्विनोन येऊन बसतो त्याच खाचेत जाऊन बसतं. इलेक्ट्रॉन अडकतो आणि उजेडातच तण करपतं. मग मका कसा वाचतो? त्याचं थायलॅकॉइड काही वेगळं नाही. मक्याची पेशी ते विष थायलॅकॉइडपर्यंत पोचण्याआधीच ग्लुटाथायोन या छोट्या रेणूला जोडून निकामी करते. उलट काही तणांनी डी1 मधलं 264 व्या जागेवरचं सेरीन बदलून ग्लायसीन केलं आणि अ‍ॅट्राझिनला दाद देणं बंद केलं. डी1 चं जनुक हरितलवकात असल्यामुळे ही प्रतिकारशक्ती आईकडूनच उतरते.

आणि केवडा. चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लोह मिळत नाही म्हणून, एवढं शेतकरी जाणतात. पण लोह लागतं कुठे? एकट्या फोटोसिस्टिम 1 मध्ये लोहाचे 12 अणू, बी6एफच्या एका घटकात 6, फेरेडॉक्सिनमध्ये 2. हरितद्रव्य बनवणाऱ्या विकरांनाही लोह लागतं ते वेगळं. लोह तुटलं की पान फिकटतं, आणि त्याबरोबरच चळतींच्या बाहेरचा मोहल्लाही ओस पडत जातो.

हे पटल तयार होताना बघायचं असेल तर प्रयोगशाळाही नको. नवरात्रात घट बसवतो, तेव्हा देवघराच्या अंधुक उजेडात उगवलेलं धान पिवळट येतं. पूर्ण अंधारात उगवलेल्या पानाच्या लवकात थायलॅकॉइड नसतंच. तिथे नळ्यांची स्फटिकासारखी जाळी असते आणि हरितद्रव्याच्या एक पायरी आधीचा पदार्थ प्रकाशाची वाट बघत थांबलेला असतो, कारण सपुष्प वनस्पतींत ती पायरी ओलांडायला प्रकाश लागतोच. घटातले काही अंकुर उचलून उजेडात ठेवा. काही तासांत हिरवेपणा दिसू लागतो. जाळी विरघळते, आधी लांब पट्ट्या होतात, आणि चळती त्यानंतर उभ्या राहतात.

शेवटी तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते: चळत नसती तर? निसर्गाने तोही प्रयोग करून ठेवला आहे, आणि तो आपल्याच शेतात आहे. ऊस, ज्वारी, मका ही सी4 पिकं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधणारी. यांच्या पानात शिरांभोवती जाड पेशींचं कडं असतं, त्यातच कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणारं केल्विन चक्र चालतं. उसाच्या आणि ज्वारीच्या या कड्यातल्या हरितलवकांत ग्रॅना जवळपास नसतात, नुसत्या लांब सुट्या लॅमेला असतात. मक्यात अगदी नावापुरत्या. कारण या पिकांत बाहेरच्या पेशींतून मॅलेट हे असं आम्ल येतं, ते हरितलवकातच फुटून कार्बन डायऑक्साइडबरोबर एनएडीपीएचही, म्हणजे साखर बनवायला लागणारे इलेक्ट्रॉन वाहणारा रेणूही, देतं. मग पाणी फोडायची गरज कमी, आणि फोटोसिस्टिम 2 जास्त असती तर तिचा ऑक्सिजन रुबिस्को या कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या विकराच्या कामात खोडा घालता. हवं असतं ते एटीपी, आणि ते फोटोसिस्टिम 1 भोवती इलेक्ट्रॉन गोल फिरवून मिळतं. ते काम लॅमेलाचं. ग्रॅना असलेल्या साध्या हरितलवकातही हे गोल फिरणं थोडंफार चालतं, कारण सरळ मार्गाने 2 एनएडीपीएचमागे साधारण 2.6 एटीपी मिळतात आणि एक कार्बन डायऑक्साइड बांधायला लागतात 3.

आता नाचणी बघा. तीही सी4, पण तिच्या कड्यात मॅलेटऐवजी अ‍ॅस्पार्टेट येतं आणि कार्बन डायऑक्साइड मायटोकॉन्ड्रियात सुटतो, हरितलवकाला आयतं एनएडीपीएच मिळत नाही. त्याला ते स्वतः पाणी फोडून करावं लागतं. आणि नाचणीच्या कड्यातल्या हरितलवकांत ग्रॅना चांगल्या भरलेल्या असतात.

मक्याचं पान तुमच्याकडे नक्की मिळेल. संध्याकाळी तोडा, ब्लेडने पातळ आडवा छेद घ्या, आयोडीनचा थेंब टाका. शिरांभोवतीची कडी स्टार्चमुळे निळी-काळी पडतील. ती कडी म्हणजेच उसा-ज्वारीत ग्रॅना नसलेल्या आणि मक्यात नावापुरत्या ग्रॅना असलेल्या पेशी. आयोडीन न टाकता दुसरा छेद घेऊन जास्तीत जास्त वर्धनाखाली बघितलात, तर बाहेरच्या पेशींतल्या हरितलवकांत बारीक दाणे दिसतात, आणि कड्यातले हरितलवक आकाराने मोठे आणि एकसारखे हिरवे असतात.